काठावरची मोटर 22 फुटांखालचं पाणी का सोडते? आणि मग माडाच्या शेंड्याला पाणी कसं पोचतं?

पाटाचं_पाणी

नमस्कार मंडळी. आमची विहीर संगमनेर तालुक्यात आहे, 48 फूट खोल, बांधीव. काठावर 5 एचपीची मोनोब्लॉक मोटर. दिवाळीपर्यंत पाइप भरून पाणी देते. फेब्रुवारी संपता संपता पाणी 21-22 फुटांवर गेलं की धार बारीक होते, पंपात खडखड सुरू होते, आणि आणखी दोन फूट पाणी उतरलं की मोटर पाणी सोडते. मग वडील दोर लावून मोटर विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात आणि मृग जवळ आला की परत वर घेतात. दरवर्षी हे चालू आहे. वडिलांचं वय झालंय, मला ते आता नको वाटतं.

दुकानदार म्हणतो 7.5 एचपी बसवा. पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा आहे. हीच मोटर काठापासून वर 80 फुटांवरच्या टाकीत पाणी चढवते, मग खालून 25 फूट आणायला तिला काय होतं? ताकद तर तीच आहे ना? शाळेत हवेचा दाब वगैरे शिकलो, मार्कही मिळाले, पण विहिरीच्या काठावर उभं राहिलं की कळत नाही, हे पाणी नक्की कोण वर आणतंय.

घाटपायथा

एचपी वाढवू नका, पैसे फुकट जातील.

पंप पाणी ओढत नाही. पंप फक्त आपल्या तोंडापाशी दाब कमी करतो. विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची हवा दाबून बसलेली असते, ती पाणी पाइपात वर ढकलते. समुद्रसपाटीला हा हवेचा दाब 10.3 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे जवळपास 34 फूट. पंपाने अगदी संपूर्ण निर्वात केलं तरी हवा पाणी त्याहून वर नेऊ शकत नाही, मग मोटर 5 ची असो की 50 ची. पंपाच्या पुढे मात्र मोटर स्वतः पाणी ढकलते. तिथे एचपीला अर्थ आहे, म्हणून 80 फूट सहज जातं.

34 फुटांऐवजी तुमच्याकडे 22 वरच का अडतं, तो हिशोब रात्री सविस्तर लिहितो.

तिसरा_मजला

म्हणजे आमच्या गॅलरीतून खालच्या रसवंतीतल्या ग्लासात नळी सोडली तर उसाचा रस वर येणार नाही?

घाटपायथा

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत कागदावर येईल, पण तोंडाने इतकं निर्वात करणं माणसाला जमत नाही. त्यात रस पाण्यापेक्षा जड. खाली उतरून प्या, बर्फही ताजा मिळेल.

फळ्यावरचा_खडू

पाटाचं_पाणी, तुमचा प्रश्न फार जुना आणि फार मोठ्या माणसांनी विचारलेला आहे. मी भौतिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे राहवत नाही, थोडं लांबेल.

17व्या शतकात इटलीत विहिरी आणि खाणी उपसणाऱ्या कारागिरांना हे पक्कं माहीत होतं की शोषक पंप 18 हातांच्या वर पाणी देत नाही. पंप कितीही चांगला घडवा, तिथे थांबणारच. त्या काळचं उत्तर ॲरिस्टॉटलच्या परंपरेतलं होतं: निसर्गाला पोकळी चालत नाही, म्हणून पाणी पोकळी भरायला धावतं. पण मग निसर्गाचा हा तिटकारा 18 हातांवर कसा काय संपतो? गॅलिलिओने 1638च्या पुस्तकात याला उत्तर दिलं की, वरून टांगलेला लांब दोर स्वतःच्या वजनाने तुटतो तसा पाण्याचा स्तंभही एका लांबीनंतर स्वतःच्या वजनाने तुटतो.

हे उत्तर पंपासाठी बरोबर नव्हतं. त्याचा शिष्य टॉरिचेली याने उलट बाजूने विचार केला. पाण्याला वरून कोणी धरलेलंच नाही, खालून हवा ढकलते आहे. तसं असेल तर पाण्याच्या 13.6 पट जड पारा तेवढ्याच पटीने कमी चढायला हवा. 1643 साली नळी भरून पाऱ्यात उलटी केली, आणि पारा 76 सेंटिमीटरवर थांबला. 10.33 मीटरला 13.6 ने भागून बघा.

पुढे पास्कलने विचारलं, हवा ढकलत असेल तर डोंगरावर हवा कमी, मग पाराही कमी चढायला हवा. 19 सप्टेंबर 1648 रोजी त्याच्या मेव्हण्याने पारा आणि नळी घेऊन फ्रान्समधला प्वी द दोम हा डोंगर चढला. वर पारा सुमारे 8 सेंटिमीटर खाली होता. तुमच्याकडे अकोले तालुक्यात कळसूबाई आहे, 1646 मीटर. तिथे पारा 62-63 सेंटिमीटरवर थांबेल आणि शोषक पंपाची कागदावरची मर्यादासुद्धा साडेआठ मीटरच भरेल.

वऱ्हाडी_ऊन

ताई, लय भारी. एक शंका. आमच्याकडे मेकॅनिक म्हणतात जाड पाइप टाकू नका, पाण्याचं वजन वाढते, मोटर उचलत नाही. दुसरा म्हणते जाडच टाका. खरं कोणाचं?

घाटपायथा

दुसऱ्याचं. पाइप जाड झाला की पाण्याचं वजन वाढतं, पण हवा ज्या क्षेत्रफळावर ढकलते तेही तेवढंच वाढतं. म्हणून उभी उंची पाइपाच्या जाडीवर अवलंबून नसते. बारीक पाइपात मात्र पाण्याचा वेग वाढतो, घर्षणात दाब वाया जातो. सक्शनचा, म्हणजे विहिरीतून पंपाकडे येणारा पाइप, डिलिव्हरीच्या म्हणजे पुढे पाणी नेणाऱ्या पाइपापेक्षा एक माप मोठा ठेवतात तो याचसाठी. आणि सक्शनला बेंड कमीत कमी.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

मला इथे एक गोष्ट खटकते. हवा पाणी 7 मीटर वर ढकलते म्हणता, म्हणजे कार्य हवेने केलं. मग त्या 7 मीटरचं वीजबिल कशाला? हवेकडून फुकट ऊर्जा मिळतेय का?

फळ्यावरचा_खडू

वा! हा प्रश्न वर्गात कोणी विचारला की मी तास लांबवायचे.

एक घनमीटर पाणी धरू. विहिरीच्या बाजूने हवेने ते आत ढकललं, तेव्हा तिने साधारण एक लाख ज्यूल कार्य केलं. पण तेच एक घनमीटर पाणी पाइपाच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर पडताना तिथल्या हवेला बाजूला सारून पडतं. तिथे पंपाने हवेविरुद्ध एक लाख ज्यूल खर्च केले. हवेने एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने परत घेतलं, तिचा हिशोब शून्य. उरलं 1000 किलो पाणी 7 मीटर चढवणं, म्हणजे 68,600 ज्यूल. ते मोटरचेच, अधिक घर्षण. पाणी पंपापर्यंत कसं पोचलं याचं उत्तर हवा देते. त्याचं बिल कोण भरतं हा वेगळा प्रश्न, आणि ते मोटरच भरते.

गोदाकाठ

हे सगळं खरं असेल, पण आमच्या शेजाऱ्याची मोटर विहिरीच्या काठावर आहे आणि पाणी 45 फुटांवर. रोज चालते. मी स्वतः बघतो. डोळ्यांवर विश्वास ठेवू की पारा-नळीवर?

घाटपायथा

विहिरीत किती पाइप गेलेत ते बघून सांगा.

गोदाकाठ

दोन. एक जाड, एक बारीक.

घाटपायथा

मग तो जेट पंप. वर आलेल्या पाण्यातलं काही पाणी बारीक पाइपाने परत खाली जातं, खालच्या नोझलमधून जोरात सुटतं आणि विहिरीतलं पाणी सोबत घेऊन जाड पाइपात वर ढकलतं. म्हणजे ढकलणारा खाली जाऊन बसलाय, मोटर फक्त वर आहे. खालची सगळी मेहनत हवेवर सोडलेली नाही म्हणून 34 फुटांची अट सुटते. पण पाण्याचा काही भाग सतत खाली-वर फिरत राहतो, त्यामुळे वीज जास्त खाते.

बोअरवर कॉम्प्रेसर लावतात, तिथे तिसरीच युक्ती. खाली हवा सोडायची, पाइपात पाणी आणि बुडबुडे यांचं मिश्रण हलकं होतं, आणि बाहेरचं जड पाणी त्या हलक्या मिश्रणाला वर सारतं.

जुनी_मोट

माझ्या लहानपणी आमच्या मळ्यात मोट होती. बैल धावेवरून खाली उतरायचे, नाडा ताणला जायचा, मोट वर आली की सोंदूर आवळून थारोळ्यात पाणी पडायचं. विहीर 60 फूट असली तरी मोट काही अडायची नाही, बैलांची धाव तेवढी लांब करावी लागे. रहाटाचंही तेच. तिथे पाणी खरोखरच उचललं जातं, हवेवर काही सोपवलेलं नाही.

आणि गावातला हापसा आठवा. 1972च्या दुष्काळानंतर खेडोपाडी बोअर मारली गेली. सुरुवातीचे बिडाचे हापसे भराभर मोडायचे. तेव्हा आपल्याच जालना-सोलापूर भागात मिशनच्या लोकांनी पोलादी, दणकट हापसा तयार केला. त्या सोलापूर पंपाच्या रचनेवरून पुढे युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू तयार झाला आणि तो जगभर गेला. लोकांना वाटतं दांडा मारला की हापसा वरून पाणी शोषतो. तसं नाही. त्याचा सिलिंडर खाली पाण्यात बुडालेला असतो, दांड्यापासून सळया खालपर्यंत गेलेल्या असतात आणि दट्ट्या पाणी उचलतो. म्हणून 150 फुटांवरूनही पाणी येतं. म्हणूनच पहिल्यांदा बरेच हात मारावे लागतात, पाइप भरायला वेळ लागतो.

सोलापूर-जालन्याचं हे काम आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही याचं वाईट वाटतं.

गोदाकाठ

जुनी_मोट, हे खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद काका.

माडवाला

मी गुहागरकडचा. वाचतोय कालपासून आणि एक गोष्ट गळी उतरत नाही. आमच्या परसातले माड 70-80 फूट उंच आहेत. शेंड्याला झावळ्या हिरव्यागार, शहाळ्यात पाणी. हवा 34 फुटांच्या वर पाणी ढकलू शकत नाही म्हणता, मग माडाने ते वर नेलं कसं? त्याच्या बुंध्यात ना मोटर, ना दट्ट्या.

तिसरा_मजला

हा खरा प्रश्न! धागा आता चढला वर.

वऱ्हाडी_ऊन

केशाकर्षण. बारीक नळीत पाणी आपोआप चढते. दहावीला होतं.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

फक्त तेवढ्याने भागत नाही. लाकडातल्या वाहिन्यांची त्रिज्या 20 मायक्रोमीटर धरली तर केशाकर्षणाने पाणी जेमतेम 75 सेंटिमीटर चढतं. माडाला 25 मीटर हवंय.

माडवाला

मग मुळं खालून ढकलत असतील? माडी काढतात तेव्हा पोय छाटली की रस ठिबकतोच ना.

रानवाटा

वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे, मी सांगते.

मुळांचा दाब असतो, पण तो एक-दोन वातावरणांइतका (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीचा हवेचा दाब), आणि दुपारी, पानांना सर्वांत जास्त पाणी लागतं तेव्हा, तो जवळपास नसतोच. माडीचा रस वेगळ्या वाटेने येतो. झाडात दोन नळयोजना असतात. मुळांकडून पानांकडे पाणी नेणारी एक, ती मृत पेशींच्या पोकळ वाहिन्यांची. पानांत तयार झालेली साखर इतरत्र नेणारी दुसरी, ती जिवंत पेशींची. त्या दुसरीत साखरेमुळे परासरणाने दाब वाढलेला असतो. माडी आणि नीरा तिच्यातून ठिबकते. तुमचा प्रश्न पहिलीचा आहे.

तिचं उत्तर 1890च्या दशकात डिक्सन आणि जॉली या आयर्लंडमधल्या दोघांनी मांडलं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पानातल्या पेशींच्या भिंतींमध्ये अतिशय सूक्ष्म छिद्रं असतात, 10 नॅनोमीटरच्या आसपास. तिथून पाण्याची वाफ होते, छिद्रातला पाण्याचा पृष्ठभाग आत वाकतो आणि मागचं पाणी ओढलं जातं. इतक्या बारीक छिद्रातला वाकलेला पृष्ठभाग हिशोबाने दीड किलोमीटर उंच पाण्याचा स्तंभ पेलू शकतो. म्हणजे केशाकर्षण आहेच, पण ते वाहिनीत नाही, वर पानात आहे. वाहिनीतलं पाणी पानापासून मुळापर्यंत एकसंध ताणलेलं असतं. त्याचा दाब शून्याच्याही खाली असतो, ऋण.

घाटपायथा

थांबा. दाब शून्याखाली कसा जाईल? निर्वात म्हणजे शून्य. त्याच्या खाली काही नाही.

रानवाटा

वायूसाठी नाही, कारण वायूचे रेणू एकमेकांना धरून ठेवत नाहीत. द्रवाचे रेणू धरतात, म्हणून द्रवाला ताण देता येतो. फ्रान्समध्ये बर्थेलोने 1850 साली काचेच्या बंद नळीत हे करून दाखवलं. गरम असताना पूर्ण भरलेली नळी हळूहळू थंड केली. पाणी आकसायला हवं, पण ते काचेला चिकटून ताणलेलंच राहिलं. त्याने सुमारे 50 वातावरणांइतका ऋण दाब गाठला होता.

फळ्यावरचा_खडू

आता मला गॅलिलिओकडे परत जाऊ द्या. दोरासारखा ताणलेला आणि स्वतःच्या वजनाने तुटू शकणारा पाण्याचा स्तंभ ही कल्पना त्याने पंपासाठी लावली, तिथे ती चुकली. पण माडाच्या बुंध्यात अगदी तसाच ताणलेला स्तंभ उभा आहे! डिक्सन-जॉलींच्या आधी अडीचशे वर्षं त्याने पाण्याच्या ताणाचा विचार केला होता. आपण शाळेत "गॅलिलिओ इथे चुकला, टॉरिचेली बरोबर" एवढं सांगून पुढे जातो. त्याने मुलांचं नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं. योग्य विचार अयोग्य जागी लावला गेला होता, एवढंच.

सॅक्रामेंटोकर

मी कॅलिफोर्नियात राहतो. इथल्या रेडवुडच्या जंगलात गेलो की मान दुखेपर्यंत वर बघतो. त्यातलं हायपेरियन नावाचं झाड 115 मीटरच्या वर आहे, जगातलं सर्वांत उंच. तेवढा स्तंभ नुसता उभा ठेवायला 11 वातावरणांचा ताण लागतो, शिवाय वाहिन्यांतलं घर्षण. शेंड्याजवळच्या फांद्यांत वजा 18 वातावरणांच्या आसपास दाब मोजला गेलाय. वरची पानं खालच्यापेक्षा बारीक आणि जाड असतात, कारण इतक्या ताणात त्यांना नीट फुगताच येत नाही. झाडाच्या उंचीला मर्यादा येते ती यामुळेच, असं संशोधक मानतात.

माडवाला

पण जगदीशचंद्र बोस म्हणाले होते ना की झाडात हृदयासारखं काही धडधडतं आणि पाणी वर चढतं? आमच्या गुरुजींनी सांगितलेलं.

रानवाटा

हो. 1923 साली त्यांनी ते पुस्तकातून मांडलं होतं. आतल्या सालीतल्या जिवंत पेशी ठोके देत पाणी वर ढकलतात असं त्यांचं म्हणणं. वनस्पतींच्या संवेदनांवरचं त्यांचं काम आणि त्यांची उपकरणं थक्क करणारी आहेत, पण हा सिद्धांत टिकला नाही. श्ट्रासबुर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याआधीच, 1890च्या सुमारास, वीस मीटरहून उंच झाडाचं बूड कापून विषारी द्रावणात ठेवलं होतं. बुंध्यातल्या जिवंत पेशी मेल्या, तरी द्रावण वर चढत राहिलं. म्हणजे चढवण्याचं काम खोडातल्या जिवंत पेशी करत नाहीत. पानांतून पाणी उडतं ते सूर्याच्या उष्णतेने, आणि झाडाचा पंप चालवणारी ऊर्जा तीच.

माडवाला

म्हणजे मोटर सूर्याची. पटलं. आता उद्या माडाकडे बघताना वेगळं वाटेल मला.

कात्रजचा_नळ

धागा पाण्याचा आहे तर सायफनही येऊ दे. टाकी रिकामी करताना नळी तोंडाने ओढून खाली सोडतो, मग पाणी आधी वर चढून पलीकडे उतरतं. ते कोण चढवतं? हवेचा दाब की गुरुत्वाकर्षण? आमच्या घरात यावरून वाद झालाय.

फळ्यावरचा_खडू

हवेचा दाब. तो नसेल तर नळीच्या सर्वांत वरच्या भागात पाणी तुटेल.

रानवाटा

ताई, मी आदराने असहमत. सायफनच्या दोन्ही तोंडांवर हवा जवळपास सारखीच दाबते, मग तिच्यामुळे एका दिशेने वाहणं कसं घडेल? बाहेरच्या बाजूची नळी जास्त खाली गेलेली असते, तिच्यातलं पाणी जड पडतं, आणि ते पलीकडच्या पाण्याला ओढतं. ओढू शकतं, कारण पाणी ताण सहन करतं. आत्ताच आपण झाडात बघितलं.

फळ्यावरचा_खडू

दिशा गुरुत्वाकर्षण ठरवतं, मान्य. पण स्तंभ अखंड कोण ठेवतं? रोजच्या नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा असते, कचरा असतो. दाब कमी झाला की बुडबुडे सुटतात. तिथे बाहेरच्या हवेने दोन्हीकडून दाबून धरलेलं असतं म्हणूनच स्तंभ टिकतो.

सॅक्रामेंटोकर

यावर झालेले प्रयोग आहेत. 2011 साली जवळजवळ न उडणारा एक द्रव घेऊन निर्वातात सायफन चालवून दाखवला गेला. तिथे ढकलायला हवा नव्हतीच. आणि 2015 साली विरघळलेली हवा काढून टाकलेलं पाणी वापरून तब्बल 15 मीटर उंचीचा सायफन चालवला, म्हणजे 10.3 मीटरची मर्यादा ओलांडून. वरच्या भागात पाणी ऋण दाबात होतं, झाडातल्यासारखंच. तेव्हा मुळात रानवाटा बरोबर, आणि आपल्या घरातल्या साध्या पाण्यासाठी ताईंचा मुद्दा बरोबर.

फळ्यावरचा_खडू

15 मीटर! हे वाचून फार आनंद झाला. तरीही नववीच्या मुलांना मी आधी हवेचा दाबच सांगेन, आणि मग हा प्रयोग.

कात्रजचा_नळ

मी हे नाव उगाच घेतलेलं नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं, मोटर नाही, वीज नाही, निव्वळ उतारावर. वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधले होते. बंद नळात चढावाच्या जागी हवा अडकली की पाणी थांबतं, ती हवा बाहेर काढायची सोय. आजही पाइपलाइनच्या उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवतात, काम तेच. छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीत डोंगराकडून खापरी नळांतून आलेलं पाणी भिंतीत वर चढून हौदात कोसळतं, ते सुद्धा मुळाशी झरा उंचावर असल्यामुळेच. मलिक अंबरच्या नहरीवरही असे हवेचे मनोरे होते. हे बांधणाऱ्यांनी ऋण दाब वगैरे मांडलं नसेल, पण पाइपातली हवा काय करते हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

गोदाकाठ

हवेवरून आठवलं. मोटरीत हवा धरली की आधी पाणी ओतून भरावी लागते. का? पंखा तर तितक्याच वेगाने फिरतो.

घाटपायथा

पंप जो दाब तयार करतो तो त्याच्यात फिरणाऱ्या पदार्थाच्या घनतेवर ठरतो. पंप 30 मीटरचा आहे म्हणजे पाणी भरलेलं असेल तर 30 मीटर पाण्याएवढा दाब. हवा भरली असेल तर 30 मीटर *हवेएवढा*. हवा पाण्याच्या आठशे पट हलकी, म्हणजे साडेतीन-चार सेंटिमीटर पाणी उचललं जाईल. म्हणून फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची पाणी परत न सोडणारी झडप, गळका असला की रोज सकाळी बादल्या ओतायची पाळी येते.

आता पाटाचं_पाणी यांचा राहिलेला हिशोब. तुमचं गाव समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर धरतो, तिथे हवेचा दाब 9.6 मीटर पाण्याएवढा. विहिरीचं पाणी 27-28 अंश, त्याचा बाष्पदाब सुमारे 0.4 मीटर वजा. कारण दाब तिथवर उतरला की पाणी थंड असूनही उकळायला लागतं. फूटव्हॉल्व्ह, बेंड आणि पाइपातलं घर्षण 0.7 मीटर धरू. पंख्याच्या तोंडाशी पंपाला स्वतःला थोडा दाब शिल्लक लागतो, तो या आकाराच्या पंपात 2 मीटर. उरले साडेसहा मीटर, म्हणजे 21 फूट. तुम्ही 21-22 लिहिलंत, बरोबर जुळतंय.

खडखड आवाज म्हणजे पंख्यापाशी वाफेचे बुडबुडे होऊन फुटतायत. प्रत्येक फुटणं पात्यावर घाव घालतं. असा पंप चालवत राहिलात तर पात्याला खड्डे पडतील. 7.5 एचपीची मोटर जास्त पाणी खेचायला बघेल, वेग वाढेल, घर्षण वाढेल, आणि 21 फुटांऐवजी कदाचित 19 वरच पाणी सोडेल.

पाटाचं_पाणी

घाटपायथा, हा हिशोब वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हे मला तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर मोटरी बदलल्या नसत्या." पाणबुडी मोटर टाकायचं ठरलं आहे, ती खालूनच ढकलेल. टप्प्यावर उतरणं बंद. सगळ्यांचे मनापासून आभार, माडाचं उत्तर तर बोनस.

घाटपायथा

उत्तम. फक्त पाणबुडी मोटर कायम पाण्यात बुडालेली राहील एवढी खाली ठेवा, ती पाण्यानेच थंड होते. ड्राय रन प्रोटेक्शन असलेला, म्हणजे पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारा स्टार्टर घ्या. आणि वडिलांना सांगा, उतरवताना केबलला धरून नको, दोर वेगळा बांधा.

फळ्यावरचा_खडू

मला एक सुचलंय. आमच्या जुन्या शाळेची इमारत तीन मजली आहे, गच्ची 11 मीटरच्या थोडी वर. मुलांसमोर पाण्याचा वायुभारमापक करायचा का? पास्कलने रूआँ शहरात 46 फूट लांब काचेच्या नळ्या रेड वाइन भरून उभ्या केल्या होत्या. आपण पारदर्शक प्लास्टिकची नळी आणि रंगीत पाणी घेऊ. खाली बादली, वरचं टोक बंद, दोराने ओढत गच्चीवर न्यायचं, आणि पाणी कुठे तुटतं ते मुलांनी टेपने मोजायचं.

बीएस्सी_दुसरं_वर्ष

ताई, कुठे आहे शाळा? मी मदतीला येतो.

रानवाटा

एकदा साधं पाणी आणि एकदा उकळून गार केलेलं पाणी, दोन्ही करा. साध्या पाण्यात वर जाताना बारीक बुडबुडे सुटताना दिसतील, ते मुलांना नक्की दाखवा.

घाटपायथा

नळी जाड भिंतीची घ्या, शक्यतो आतून तार असलेली. साधी मऊ नळी वरच्या टोकाला बाहेरच्या हवेने चपटी होते आणि मग मोजायला काही उरत नाही. वरचं टोक नुसतं मुडपून बांधू नका, व्हॉल्व्ह लावून क्लिप आवळा. नळी पाण्याखाली पूर्ण भरून, एकही बुडबुडा न ठेवता ओढायला सुरुवात करा. गच्चीवर ओढणाऱ्याने कठड्यापासून आत उभं राहायचं, आणि मुलं खाली.